खंडेनवमीचं पाणी

उंब्रजच्या हायस्कुलात माया थोरवडे बाईंना एक नाव पडलं होतं, कंप्युटर मोडणाऱ्या बाई. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. पाठ वळली की म्हणायचे, आणि शिक्षकाच्या पाठीलाही कान असतात हे त्या शाळेतल्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं. मायानं ते नाव गिळलं, पण पचवलं नाही. ज्या तोंडानं ते नाव दिलं त्याच तोंडानं, सगळ्यांसमोर, ते परत घ्यायला लावायचं, एवढंच तिला हवं होतं. त्यापेक्षा कमी काही चालणार नव्हतं.

ते तोंड लालासाहेब डुबल यांचं. गणिताचे सर, आवाज दांडगा, मिशी त्याहून दांडगी. शहाण्णव साली पुण्यात कारखाना काढलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला कंप्युटर दिला, तेव्हा संस्थेनं पुण्याच्या शिबिराला लालासाहेबांनाच धाडलं. ते परत आले ते पुजारी होऊनच. नकाशांची खोली रिकामी करून तिथं कंप्युटर बसवला. नकाशे म्हणजे भूगोल शिकवणाऱ्या मायाचा सगळा संसार, तो कपाटात कोंबला. दारात चपला काढायच्या, आत हात पाठीमागं बांधायचे, रांगेनं पुढं सरकायचं आणि बाहेर पडायचं. पोरं देवदर्शन करावं तसा कंप्युटर बघून यायची. मग वर्गात सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "कंप्युटर हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे!" झालं कंप्युटरचं शिक्षण.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळ्या हत्यारा-अवजारांबरोबर कंप्युटरचीही पूजा निघाली. प्रयोगशाळेतला तराजू, खेळाच्या तासाचे लेझीम आणि मधोमध हा नवा देव. त्याच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटली, गळ्यात झेंडूची माळ पडली. माया कपाटातला नकाशा न्यायला आली होती ती दारातच थांबली. तिच्या घरात पूजाअर्चा तिच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून बंद, पण दुसऱ्याच्या पूजेत तिनं कधी नाक खुपसलं नव्हतं. लालासाहेबांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि वाटीत धरलेलं त्याचं पाणी चौफेर शिंपडायला सुरुवात केली, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"सर, विजेचं यंत्र आहे. त्यावर पाणी नको."

"देवाचं पाणी हाय बाई. त्यानं काय हुतंय?" असं म्हणत लालासाहेबांनी हात झटकला आणि उरलेली वाटी कीबोर्डवर कलंडली.

हेडसर मानसिंगराव तिथंच होते. बाकीचे शिक्षकही होते. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे खोबऱ्याचा प्रसाद घ्यायला व्हरांड्यात गेले. माया एकटी मागं राहिली. तिनं पदरानं ते पाणी टिपून घेतलं, जमेल तेवढं. कुणी सांगितलं नव्हतं. वस्तू पोरांची आहे, नासू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

दसऱ्यानंतर शाळा भरली आणि कंप्युटर काही चालू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या, आतून टीं-टीं असा आवाज यायचा, आणि गाडी तिथंच रुतायची. लालासाहेबांनी कराडहून माणूस बोलवायला नको म्हटलं. "आतनं जळालाय," म्हणाले. आणि शिक्षकांच्या खोलीत, चहाची कपबशी हातात धरून, सगळ्यांसमोर म्हणाले, "सुट्टीच्या आधी बाईंनी हात लावला हुता त्येला. म्या सवता बघितलंय."

हात लावला. त्या शब्दांत काय काय होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि कळलं नाही असं प्रत्येकानं दाखवलं. माया म्हणाली, "पाणी तुम्ही सांडलंत, सर. मी पुसत होते." मग तिनं मानसिंगरावांकडं बघितलं. मानसिंगराव खिडकीबाहेर बघू लागले. ती एकेकाकडं बघत गेली आणि एकेकाची मान खाली जात गेली. तिला त्या क्षणी लालासाहेबांचा जेवढा राग आला त्याहून जास्त त्या खाली गेलेल्या मानांचा आला. पण मानांचा सूड उगवता येत नाही. माणूस एकच धरावा लागतो.

कंप्युटरच्या खोलीत बाईंनी पाय ठेवायचा नाही असं ठरलं. तिचे नकाशे व्हरांड्यात येऊन पडले.

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तिचा धाकटा भाऊ प्रबुद्ध पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. स्टोअरचा हिशेब कंप्युटरवर ठेवायचं काम त्याच्याकडं. दिवाळीला तो उंब्रजला आला तेव्हा मायानं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"मला शिकव."

"आक्का, काय करणार हायस शिकून? तुझ्या साळंत तर त्याला कुलूप हाय."

"कुलूप ज्यानं घातलंय, त्याचं नाक कापायचंय मला."

प्रबुद्ध हसला, पण मालकाला विचारून आला. दर रविवारी माया उंब्रजहून कराड, कराडहून सांगली अशी एसटी बदलत कुपवाडला जायला लागली. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं गप्प असायची, तेलाचा वास तेवढा भरून राहिलेला, आणि त्या वासात ही दोघं बहीणभाऊ त्या एका पडद्यासमोर.

प्रबुद्धला शिकवता येत नव्हतं. तिचं बोट चुकलं की तो म्हणायचा, "आगं आसं न्हाई, आण हिकडं," आणि स्वतःच खटाखट करून मोकळा व्हायचा. एक-दोन रविवार तिनं सोसलं. तिसऱ्या वेळी ती कडाडली. "हात काढ! चुकायचं मला हाय का तुला?" तेव्हापासून प्रबुद्ध दोन्ही हात काखेत दाबून बसायचा. जीभ चावायचा, तळमळायचा, पण हात बाहेर काढायचा नाही. आणि तिथून पुढं माया भराभर शिकली. रागानं शिकली हे खरं, पण राग काही लबाड गुरू नव्हे. एका हातानं पाठीत रपाटा घालतो, दुसऱ्यानं पुढं ढकलतो.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी प्रबुद्धनं कीबोर्ड पुसायला म्हणून काढून बाजूला ठेवला आणि नजरचुकीनं मशीन चालू केलं. टीं-टीं झालं. काळ्या पडद्यावर त्याच दोन ओळी. माया ताडकन उठली.

"हे काय झालं?"

"काय न्हाई गं. कीबोर्ड न्हाई म्हणून बोंबलतंय ते. लावला की गप हुईल."

त्यानं कीबोर्ड लावला आणि ते गप्प झालं. माया आधी हसली आणि मग, भावासमोर रडायची लाज वाटून, उठून नळावर तोंड धुवायला गेली. म्हणजे शाळेतला कंप्युटर धडधाकट होता. नारळाच्या चिकट पाण्यानं मेला होता तो एकटा कीबोर्ड. एका कीबोर्डासाठी तिचं नाव गावभर झालं होतं.

प्रबुद्धनं कारखान्यातला एक जुना, पण चालणारा कीबोर्ड तिला दिला. तिनं तो टॉवेलात गुंडाळून उंब्रजला आणला. दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन लावला असता तर पोरांचा कंप्युटर त्याच दिवशी चालू झाला असता. पण तिनं तो लावला नाही. गुपचूप विझवण्यासाठी तिनं एवढी आग पोसली नव्हती. तिला मांडव हवा होता, माणसं हवी होती. तिनं जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाची वाट बघितली आणि तोवर पोरं "कंप्युटर हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे" असं ओरडत राहिली. ते ओरडणं रोज तिच्या कानावर पडत होतं. तरीही ती थांबली.

संमेलनाला पुण्याचे देणगीदार आले. "चालवून दाखवा की," म्हणाले. लालासाहेबांनी घसा खाकरला. "जळालाय साहेब. त्येचं आसं झालं, आमच्या एका बाईंनी..."

माया गर्दीतून पुढं आली. चपला न काढता आत गेली. टॉवेल सोडला, मेलेला कीबोर्ड उपसला, हा लावला, बटण दाबलं. पडदा उजळला. सहावीतल्या सृष्टीला तिनं पुढं ओढलं आणि तिचं नाव लिहायला लावलं. पोरगी आधी पडद्याला हात जोडून उभी राहिली, तिला तेवढंच शिकवलेलं. मग एकेक अक्षर शोधत तिनं नाव लिहिलं. टाळ्या झाल्या.

"काय बिघडलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"नारळाचं पाणी," माया म्हणाली आणि लालासाहेबांकडं वळली.

लालासाहेब क्षणभरही डगमगले नाहीत. "बाई फुसत हुत्या न्हवं? मग त्यांच्याच हातनं सांडलं आसंल."

अर्धा विजय म्हणजे घशात अडकलेला घास. खोली मायाला मिळाली, जूनमध्ये साहेबांनी आणखी मशीनं धाडली, पण 'पाणी मी सांडलं' हे वाक्य काही लालासाहेबांच्या तोंडून निघालं नाही. मायानं सूड गुंडाळून ठेवला आणि शिकवायला लागली.

आणि शिकवलं ते झकास. तिच्या वर्गात चपला दारात नव्हत्या आणि हात पाठीमागं नव्हते. एका मशीनवर दोन पोरं, पण एक लिहिणारं आणि दुसरं सांगणारं. पोराचं बोट अडलं की तिचा स्वतःचा हात शिवशिवायचा, म्हणून ती दोन्ही हात पदरात गुंडाळून फिरायची. "दाबा," म्हणायची, "काही मोडत नाही." भूगोलाच्या तासाला तिनं गावातल्या विहिरींचा नकाशा कंप्युटरवर काढायला घेतला, पण आधी प्रत्येकानं आपापल्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसाकडं जाऊन विचारून यायचं की विहीर कुणी खोदली, पाणी कवा आटलं, कुणाला भरू देत नव्हते. जो बोलून आला नाही त्याला मशीन नाही. पोरं विचारून यायची, तावातावानं भांडायची, आणि मग मशीनवर बसायची. शिवतेज नावाचा एक अबोल पोरगा होता. आजोबांची गोष्ट सांगता सांगता तो वर्गात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. माया घरी जाताना मनात म्हणायची, हे माझं आहे. हे मला कुणी दिलेलं नाही.

गणपती उठल्यावर मानसिंगरावांनी फर्मान काढलं. आता निकालपत्रकं कंप्युटरवर होणार, सगळ्या शिक्षकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंकडं शिकायचं. मायानं एकच अट घातली. प्रत्येक शिक्षकाशेजारी वर्गातली दोन पोरं बसतील, मदतीला. मानसिंगरावांना ती कल्पना फार आवडली. त्यांना तिच्या मनातलं काय ठाऊक?

लालासाहेब सगळ्यांत शेवटी आले. सृष्टी आणि शिवतेज बसले होते तीच एक जागा उरली होती. ती जागा मायानं ठरवून ठेवली होती. त्या मशीनसमोर तिनं एक सोललेला नारळ ठेवला होता.

"सर, आधी पूजा करा," ती गोड आवाजात म्हणाली. "मग चालू करा."

कुणीतरी फिसकन हसलं. लालासाहेबांनी नारळ बाजूला सारला आणि बटण शोधायला लागले. पडद्याचं दाबलं, पुन्हा दाबलं. खालच्या डब्याला बटण असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं वर्षभर त्या खोलीची किल्ली कमरेला लावून मिरवली, त्याला मशीन चालू करता येत नव्हतं. पोरं खुदखुदायला लागली. एरवी पोरं कुणाला हसली की माया डोळ्यांनी दटावायची. त्या दिवशी दटावलं नाही.

"पुण्यात काय शिकलात मग, सर?"

लालासाहेबांचं कपाळ घामेजलं. मग ती दांडगी मिशी हलली, पण आवाज दांडगा नव्हता.

"काय बी शिकलो न्हाई. इंग्रजीत सांगत हुते, मला कळलंच न्हाई. परत आलो तवा तुमी सगळ्यांनी हार घातला. आता सांगायचं कसं?" ते थांबले. "पाणी माझ्याच हातनं सांडलं. बाईंनी फुसलं. मला म्हाईत हुतं. भ्यालो. आन् बाईंचं नाव घेतलं, कारण बाईंच्या बाजूनं ह्यातला एक बी उठणार न्हाई, हे बी मला म्हाईत हुतं."

मानसिंगरावांना पुन्हा खिडकी सापडली.

मिळालं. दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते सगळंच्या सगळं, मागितलं त्याहूनही जास्त मिळालं. तिथं थांबायचं होतं. पण माया थांबली नाही. भुकेल्या माणसाला ताटावरून उठवत नाही.

"छान," ती म्हणाली. "आता नाव लिहा तुमचं. आमची पोरं लिहितात तसं."

लालासाहेबांचं जाड बोट अक्षरांवरून फिरत राहिलं. चुकलं. "परत," माया म्हणाली. पोरं हसली. पुन्हा चुकलं. "परत." मग तीही हसली, मोकळी, मोठ्यानं. ती हसली तशी पोरंही मोठ्यानं हसली. "परत, सर. परत." शेवटी लालासाहेब उठले आणि सवयीनं दारात काढलेल्या चपला हातात घेऊनच बाहेर गेले. त्या रात्री माया पोटभर जेवली आणि गाढ झोपली. तिला वाईट वाटलं असं सांगणारा खोटं सांगेल. तिला फार गोड वाटलं.

सोमवारी सातवीचा तास. पोरं जागेवर बसली. मशीनं चालू झाली. माया हात पदरात घालून फिरायला लागली आणि तिच्या ध्यानात आलं की नेहमीची खटखट नाही. पोरांचे हात मांडीवर होते. सगळ्यांचे.

"काय झालं? लिहा की."

"तुमीच दावा, बाई," कुणीतरी मागून म्हणालं.

ती सृष्टीपाशी गेली. संमेलनात सगळ्यांच्या देखत नाव लिहिणारी ही पोरगी, पण आज मुठी मिटून बसलेली. "सृष्टे, दाब. काही मोडत नाही."

"चुकलं तर?"

"चुकू दे."

सृष्टीनं खाली बघतच विचारलं, "चुकल्यावर तुमी हसशीला न्हवं? सरांना हसलासा तसं? परत, परत म्हणून?"

मायाला ओरडावंसं वाटलं की त्या माणसानं मला काय केलं ते तुला ठाऊक नाही गं. पण ते सांगून काय होणार होतं? पोरीनं जे बघितलं तेच ती शिकली होती. मायानं अख्खा आठवडा समजावलं, गोष्टी सांगितल्या, स्वतः मुद्दाम चुकून दाखवलं. मुद्दाम चुकलेलं पोरांना बरोबर ओळखू येतं. हात मांडीवरून उठले नाहीत. ज्या खोलीतून लालासाहेबांना हाकललं, ती खोली पुन्हा लालासाहेबांच्या वेळी होती तशीच गप्प झाली होती, आणि या वेळी तिला गप्प करणारी ती स्वतः होती.

शनिवारी ती शिक्षकांच्या खोलीत गेली. लालासाहेब कोपऱ्यात वह्या तपासत होते. आता त्यांच्याजवळ कुणी बसत नव्हतं.

"सर, सोमवारी माझ्या तासाला या."

"कशाला? हसायचं काय ऱ्हायलंय का आजून?"

"पोरं मशीनला हात लावत नाहीत. मला भितात. तुम्ही येऊन बसाल, चुकाल, आणि मी गप्प राहीन, हे त्यांनी बघितल्याशिवाय ती लावायची नाहीत."

लालासाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत आता तिनं दोन वर्षं आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघितलेली चमक होती.

"मोठ्यानं म्हणा बाई. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

खोलीतल्या कपबश्या थांबल्या. मायाच्या अंगाचा तिळपापड झाला. याच खोलीत, याच माणसापुढं! पण सृष्टीच्या मिटलेल्या मुठी काही केल्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. ती मोठ्यानं म्हणाली, "लालासाहेब सर, माझा वर्ग तुमच्याशिवाय चालणार नाही. सोमवारी या."

"आन् माफी?"

"माफी मागत नाही. तुम्ही तरी कुठं मागितलीत?"

"न्हाई मागितली," लालासाहेब म्हणाले. "व्हय. न्हाई मागितली." आणि पुन्हा वह्यांत तोंड घातलं. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

सोमवारी ते आले. सृष्टीच्या बाकावर, तिच्या शेजारी अंग चोरून बसले. खालच्या डब्याचं बटण त्यांनी स्वतः दाबलं आणि नाव लिहायला घेतलं. पहिलंच अक्षर चुकलं.

वर्गातलं एकही पोर सरांकडं बघत नव्हतं. सगळी बाईंकडं बघत होती. मायाच्या आत काहीतरी अजूनही हसायला टपलेलं होतं, ते मेलं नव्हतं, आणि मरेल असंही तिला वाटत नव्हतं. ती गप्प उभी राहिली. पुन्हा चुकलं. ती गप्प उभी राहिली. लालासाहेबांनी मान वर केली आणि ओशाळून म्हणाले, "त्यो 'एल' कुठं मेलाय?"

मग शिवतेज आपल्या जागेवरून उठला, सरांच्या पाठीमागून वाकला आणि बोटानं दाखवलं, "हितं हाय बगा."

त्या तासाला आणखी दोन-चार पोरांनी मांडीवरचे हात वर घेतले. पुढच्या आठवड्यात बाकीच्यांनी घेतले. सृष्टीनं मात्र दिवाळीची सुट्टी संपल्यावरच कीबोर्डला बोट लावलं, आणि त्यानंतर वर्षभर, प्रत्येक वेळी चुकली की ती आधी बाईंच्या तोंडाकडं बघायची.